पोत्सुओलीच्या वाफेचा हिशेब

इटलीहून परत आले तेव्हा शेजारच्या वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "काय काय पाहिलंत?" रोमची देवळं, फ्लॉरेन्सची चित्रं, व्हेनिसच्या होड्या, सगळ्यांचे फोटो मी दाखवले. मग हळूच पाय पुढे केले. माझी चांदीची जोडवी काळीठिक्कर पडली होती.

"अगंबाई, हे काय?"

"हे ज्वालामुखीनं केलंय," मी म्हटलं.

वहिनी हसल्या. पण ते शब्दश: खरं होतं, मैत्रिणींनो. आणि ज्या गावात ती जोडवी काळी पडली, त्या गावाची आठवण मला बाकीच्या सगळ्या इटलीपेक्षा जास्त येते.

ही गोष्ट २०१६ सालच्या मे महिन्यातली. माझी भाची, म्हणजे आमच्या ताईची धाकटी मुलगी, संख्याशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी नेपल्सला होती. शहरात जागा परवडेना, म्हणून जवळच्या पोत्सुओली गावात एका बाईंकडे खोली घेऊन राहत होती. इथवर ताईची काही तक्रार नव्हती. पण कुणीतरी तिच्या कानावर घातलं की ते गाव ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं आहे. झालं! ताईची झोप उडाली. आमचा इटलीचा बेत ठरला तेव्हा तिनं मला बजावलं, "तू आपल्या डोळ्यांनी बघ. जागा धड नसेल तर पोरीचं सामान बांध आणि तिला तिथून हलव. माझं ती ऐकत नाही, मावशीचं ऐकेल."

म्हणजे मी निघाले प्रवासाला, पण डोक्यावर ही जबाबदारी होती.

डोंगर कुठे आहे?

नेपल्सच्या मोंतेसांतो स्टेशनातून एक छोटी लोकल सुटते, तिचं नाव कुमाना. डावीकडे निळाशार समुद्र, उजवीकडे घरं आणि घरांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. गिरगावातल्या चाळीच माणसं उचलून इथं आणून ठेवल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासात पोत्सुओली आलं. मी इकडेतिकडे पाहू लागले. ज्वालामुखी म्हणजे उंच डोंगर आणि त्याच्या माथ्यावर धूर, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. नेपल्सचा व्हेसुव्हियस आहेच तसा. इथं मात्र डोंगर दिसेना.

"अगं, तुझा तो ज्वालामुखी कुठाय?" मी भाचीला विचारलं.

"मावशी, आपण त्याच्या आतच उभ्या आहोत," ती म्हणाली.

आमचे हे एकदम खाली आपल्या बुटांकडे बघायला लागले.

तिनं समजावलं ते असं. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी इथं दोन प्रचंड स्फोट झाले. आतला तप्त रस बाहेर पडला, आत पोकळी झाली आणि वरची जमीन खचली. परातीसारखा खोलगट, बारा ते पंधरा किलोमीटर रुंद असा हा प्रदेश तयार झाला. निम्मी परात समुद्राखाली, निम्मी जमिनीवर. तिला म्हणतात कांपी फ्लेग्रेई, म्हणजे जळती शेतं. या परातीत आणि तिच्या काठाशी, धोक्याच्या पट्ट्यात, सुमारे पाच लाख माणसं राहतात. शेवटचा उद्रेक १५३८ साली झाला. आठवडाभरात जमिनीतून एक नवी टेकडीच उभी राहिली. तिचं नावही साधं सरळ आहे, मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर.

मंडईतले खांब

भाचीच्या घरमालकीणबाईंना सगळे सिन्योरा म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. वय पंचावन्नच्या आसपास, बांधा भरलेला, आवाज खणखणीत. आम्ही गेलो तेव्हा त्या टोमॅटोचा रस आटवत होत्या. भाषा येत नसली तरी दोन बायकांचं स्वयंपाकघरात अडत नाही. त्यांनी तुळशीसारख्या वासाची पानं माझ्या नाकाशी धरली, मी मान डोलावली, ओळख झाली.

भिंतीवर एक बारीक तडा होता. त्याच्यावर पेन्सिलीनं आडव्या रेघा आणि तारखा लिहिल्या होत्या. तडा वाढतो की काय, हे पाहण्यासाठी. भाचीनं मध्ये बसून त्यांची हकिगत सांगितली. १९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे १.८ मीटर वर उचलली गेली. पुरुषभर उंचीच म्हणा ना! दिवसरात्र धक्के. सिन्योरांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, मांडीवर तान्हं मूल. फडताळातल्या बशा सारख्या किणकिणायच्या. शेवटी सरकारनं गावातल्या हजारो लोकांना हलवलं आणि मोंतेरुशेल्लो नावाची नवी वसाहत बांधून दिली. त्याआधी १९७० सालीही रिओने तेर्रा हा गावचा सर्वांत जुना भाग असाच रिकामा केला होता. सिन्योरा कित्येक वर्षं नव्या वसाहतीत राहिल्या आणि मग परत इथंच आल्या. का, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवलं आणि पुन्हा कढई ढवळू लागल्या.

जमीन उचलली गेली म्हणजे काय, ते पाहायला भाची आम्हांला बंदराजवळ घेऊन गेली. तिथं रोमन काळातली मंडई आहे. खोदकामात सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून पूर्वी लोक तिला देऊळ समजत; पण ती होती मंडई, दुकानांचे गाळे आणि मध्ये चौक असलेली. त्यात संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. खांबांच्या मधल्या भागात बोट जाईल अशी बारीक भोकं आहेत. ती पाडली समुद्रातल्या शिंपल्यांनी! म्हणजे ही मंडई एकदा कित्येक मीटर समुद्रात बुडाली, तिथं शिंपल्यांनी दगड कोरला आणि नंतर ती पुन्हा वर आली. चार्ल्स लायेल यांनी १८३० साली भूगर्भशास्त्राचा आपला गाजलेला ग्रंथ काढला, तेव्हा पहिल्याच चित्रात हे खांब छापले होते.

मी त्या खांबांकडे बघत होते आणि मनात ताईला काय सांगायचं ते ठरत चाललं होतं. सामान बांधायचं!

सोल्फातारा

दुसऱ्या दिवशी सोल्फाताराला गेलो. गावातून चढ चढत वर गेलं की झाडीतून एकदम पांढरंफटक मैदान समोर येतं. हे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं ज्वालामुखीचं मुख. एकही झाड नाही, जमीन भुकटीसारखी आणि जागोजाग वाफेचे लोट. वास मात्र आधीपासूनच येत होता, नासलेल्या अंड्यांचा! ह्यांनी नाकाला रुमाल लावला. वज्रेश्वरीच्या कुंडांवर गेलेल्या मैत्रिणींना गंधकाचा वास ठाऊक असेल. इथं तो त्याच्या कितीतरी पट होता. (आपल्या त्या कुंडांखाली जागता ज्वालामुखी नाही हो. पाणी खोल जाऊन तापतं आणि वर येतं, इतकंच.)

एका जागी वाटाड्यानं मोठा धोंडा उचलून जमिनीवर टाकला. धप्प! आत पोकळ असल्यासारखा आवाज आला. माझ्या पोटात गोळा आला. मग त्यानं पेटता कागद वाफेच्या भोकाशी धरला, तर धुराच्या कणांवर वाफ थिजून पांढरे ढग दाट झाले. दगडाविटांनी बांधलेल्या दोन गुहा होत्या, पूर्वी लोक औषधी वाफारा घ्यायला तिथं बसत. एकीचं नाव नरक. सर्वांत मोठ्या भोकाला बोका ग्रांदे म्हणतात, म्हणजे मोठं तोंड. त्यातून येणारी वाफ सुमारे १६० अंश सेल्सियसची. तिथल्या दगडांवर पिवळे आणि केशरी थर जमले होते, अगदी हळदकुंकू सांडल्यासारखे.

तिथंच दोन माणसं काम करताना दिसली. तोंडाला मुखवटे, हातांत जाड मोजे. त्यांनी वाफेच्या भोकात धातूची नळी खुपसली होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेची बाटली. आपण सलाईनची बाटली जपून धरतो तशी ती धरली होती.

"हे काय करताहेत?"

"वाफ भरून नेताहेत," भाची म्हणाली. "मावशी, माझा अभ्यास याच बाटल्यांचा आहे."

आम्ही एका सावलीच्या दगडावर बसलो आणि माझा तास सुरू झाला.

त्या बाटलीतली हवा आधी काढून टाकलेली असते आणि तळाशी कॉस्टिक सोड्याचं पाणी असतं. घरी साबण करणाऱ्या बायकांना हा सोडा चांगला ठाऊक आहे. वाफ आत शिरली की थंड होऊन पाणी होते. कार्बन डाय ऑक्साइड आणि तो अंड्यांच्या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, सोड्याच्या पाण्यात विरघळतात. नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, हेलियम असे चिवट वायू वरच्या रिकाम्या जागेत जमतात. मग प्रयोगशाळेत एकेकाचं माप घेतात. ही बाटली वेर्नर गिगेनबाख या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखतात. न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या या गृहस्थांनी १९७५ साली ही पद्धत सविस्तर लिहिली.

"मग काय निघतं त्यातून?"

"बहुतेक पाण्याची वाफ. उरलेल्यात जवळजवळ सगळा कार्बन डाय ऑक्साइड. आणि ज्याच्यामुळे काका रुमाल धरून बसलेत, तो वायू शंभरात एक भागसुद्धा नाही."

मला हसू आलं. घरातही असंच असतं. ज्याचा आवाज मोठा त्याचा वाटा मोठाच असतो असं नाही.

शंभर रुपयांचं गणित

"म्हणजे कार्बन डाय ऑक्साइडचा वाटा वाढला की धोका, असंच ना?" मी आपली हुशारी दाखवली.

"नाही ना! तिथंच तर सगळे फसतात. मावशी, तू घरखर्चाची वही लिहितेस ना? समज, मागच्या महिन्यात शंभर रुपयांतले दहा रुपये भाजीला गेले. या महिन्यात फी भरली, खर्च दुप्पट झाला. भाजी तेवढीच आणली. पण शेकड्यात मांडलंस तर भाजी दहावरून पाचावर आली. म्हणून काय तुम्ही अर्धपोटी राहिलात?"

मी गप्प. खरंच की!

"वाफेचंही तसंच. सगळ्या वायूंची बेरीज शंभर. वर येताना वाटेतच थोडी वाफ थंड होऊन पाणी झाली, तर खालून काहीही जास्त न येता कार्बन डाय ऑक्साइडचा वाटा वाढलेला दिसतो. शेकड्याचे आकडे अशी फसवणूक करतात. जॉन एचिसन या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञानं १९८६ साली यावर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की एकेकट्याचा वाटा बघू नका. एकाचं दुसऱ्याशी असलेलं प्रमाण बघा. डाळीला तांदूळ किती, तसं. कार्बन डाय ऑक्साइडला मिथेन किती? मिथेन हा वर मुरलेल्या, पाण्यात उकळलेल्या वायूचा सोबती. खोलातून तप्त रसाचा ताजा वायू आला की त्यात मिथेन जवळपास नसतो. म्हणजे या जोडीचं प्रमाण बदललं की खालचं काहीतरी वर आलंय, असं समजतं."

नंतर तिनं मैदानाच्या कडेला काही माणसं दाखवली. पातेलं उपडं घालावं तसं एक भांडं ती जमिनीवर ठेवत, आकडा टिपत आणि चार पावलं पुढे जात. जमिनीतून झिरपणारा कार्बन डाय ऑक्साइड ती मोजत होती. अशी शेकडो ठिकाणं. पण गवताची मुळं आणि मातीतले जीवजंतूही हा वायू सोडतात. मग ज्वालामुखीचा कोणता आणि गवताचा कोणता? त्यासाठी सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायचे आणि आलेखावर मांडायचे. एका जागी रेघ वळते. वळणाच्या अलीकडचे आकडे गवताच्या घरचे, पलीकडचे ज्वालामुखीच्या घरचे. सुपात तांदूळ पाखडले की कणी एकीकडे आणि अख्खे दाणे एकीकडे होतात, तसंच हे. या हिशेबानं २००० सालच्या सुमारास सोल्फाताराच्या जमिनीतून रोज सुमारे १,५०० टन कार्बन डाय ऑक्साइड निघत होता. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ४,००० ते ५,००० टनांवर गेला आहे.

हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि त्याला वासही नसतो. जवळच आन्यानो इथं कुत्र्याची गुहा म्हणून एक जागा आहे. पूर्वीच्या काळी वाटाडे प्रवाशांना गंमत दाखवायला कुत्र्याला आत नेत. वायू जमिनीलगत साचलेला. माणूस उभा राहिला तर ठीक, पण बिचारं कुत्रं बेशुद्ध पडे. मग त्याला तळ्याच्या पाण्यात घालून शुद्धीवर आणत. ऐकून मला त्या मुक्या जनावराची फार दया आली. अशा भागात तळघरात किंवा खोलगट जागी मुलांना खेळू देत नाहीत ते याचसाठी.

"बरं, पण एवढं मोजून स्फोट कधी होणार ते कळतं का?" मी शेवटी मनातलं विचारलं.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तारीख कळत नाही. मागच्या नोंदी बघ. १९८२ ते १९८४ मध्ये जमीन उचलली गेली, नंतर १९८९, १९९४ आणि २०००मध्ये थोडी थोडी. प्रत्येक वेळी काही महिन्यांनी बोका ग्रांदेच्या वायूत कार्बन डाय ऑक्साइडचं प्रमाण वर चढलं. हे एका बाटलीतून कळलंच नसतं. वर्षानुवर्षं एकाच भोकातली वाफ, एकाच पद्धतीनं भरली, म्हणून कळलं. तापलेल्या मुलाचा ताप एकदा बघून काय कळतं? दर चार तासांनी लिहून ठेवला की डॉक्टर काही सांगू शकतो. आम्ही फक्त तेवढंच करतो. लिहून ठेवतो."

नेपल्सच्या ज्या वेधशाळेची माणसं हे काम करतात, ती व्हेसुव्हियस वेधशाळा १८४१ सालची, जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा. २०१२च्या डिसेंबरात इथली धोक्याची पातळी हिरव्यावरून पिवळ्यावर आणली, ती अशाच नोंदी पाहून. म्हणजे पळा असं नाही, पण डोळे उघडे ठेवा. पळायची वेळ आलीच, तर कोणत्या गावानं इटलीच्या कोणत्या प्रांतात जायचं, तेही ठरवून ठेवलेलं आहे.

ताईला काय सांगितलं

त्या रात्री ताईचा फोन आला. "बांधलंस का सामान?"

मी खिडकीत उभी होते. खाली मुलं फुटबॉल खेळत होती. सिन्योरा दारातल्या खुर्चीवर बसून शेजारणीशी गप्पा मारत होत्या. त्यांच्या दारामागे खुंटीला एक पिशवी टांगलेली मला सकाळीच दिसली होती. तिच्यात कागदपत्रं, औषधं, बॅटरी, लोकरीची शाल. १९८३पासून ती पिशवी तिथं आहे, दर सहा महिन्यांनी औषधं बदलतात.

"ताई," मी म्हटलं, "जागा धोक्याची आहे. तुला खोटं सांगणार नाही. पण इथली माणसं आंधळेपणानं राहत नाहीत. आणि तुझी पोर त्या धोक्याचाच हिशेब लिहिते आहे. तिला हलव म्हणायचं माझ्या जिभेवर आलं नाही. तिला म्हटलं, दारामागे तुझीही एक पिशवी ठेव."

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्याच वर्षी, २०१७च्या सप्टेंबरात, सोल्फातारात एक वाईट घटना घडली. जमीन खचून झालेल्या खड्ड्यात एका कुटुंबातले आईवडील आणि अकरा वर्षांचा मुलगा मरण पावले. त्यानंतर ती जागा पर्यटकांसाठी बंद झाली. बातमी वाचली तेव्हा त्या वाटाड्याच्या धोंड्याचा 'धप्प' आवाज माझ्या कानांत घुमला. आपण तिथं किती निर्धास्त फिरलो, या विचारानं रात्रभर डोळा लागला नाही.

आणि मग २०२४चा मे. २००५पासून जमीन पुन्हा हळूहळू वर येतच होती. २०२४ संपेपर्यंत ती सव्वा मीटरहून जास्त उचलली गेली. २० मेच्या रात्री ४.४ तीव्रतेचा धक्का बसला, तोवरच्या चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा. कित्येक लोकांनी रात्र रस्त्यावर आणि मोटारींत काढली. तडे गेलेल्या घरांतून शेकडो कुटुंबांना बाहेर पडावं लागलं. भाची आता नेपल्सलाच नोकरीला आहे, पण खोली अजून सिन्योरांकडेच. रात्री तिचा निरोप आला, "मावशी, आम्ही दोघी चौकात आहोत. दोन्ही पिशव्या बरोबर आहेत. आईला तू सांग."

मी ताईला फोन लावला. वाटलं होतं, आता माझी खरडपट्टी निघणार. ताई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "त्या बाईंना ब्लडप्रेशरच्या गोळ्या सापडल्या का गं अंधारात?"

"पिशवीतच होत्या," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ताई म्हणाली. "पोरीला म्हणावं, उद्यापासून आकडे नीट लिही."

जाता जाता, वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. गंधकाच्या वायूनं चांदी काळी पडली तर घाबरू नका. भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद पसरा, त्यावर दागिना कागदाला टेकेल असा ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि कढत पाणी ओता. थोड्या वेळात काळेपणा उतरतो. खडे किंवा मोती जडवलेले दागिने मात्र असे करू नका. मी दोन्ही पायांतली जोडवी अशी उजळली. एक जुनं पैंजण मात्र तसंच काळं ठेवलंय, कपाटात, खर्चाच्या वहीशेजारी.